दणक्याचे निदान : लोरायडर गाड्यांच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रश्न

ऑक्टाव्हियो पाझ हे नाव मराठी वाचकाला अपरिचित नाही. 1962 ते 1968 या काळात हा मेक्सिकन कवी आपल्या देशाचा राजदूत म्हणून दिल्लीत होता. त्याआधी 1950 साली प्रसिद्ध झालेल्या ‘एल लाबेरिंतो दे ला सोलेदाद’ या त्याच्या निबंधग्रंथाची सुरुवात मात्र मेक्सिकोत होत नाही, लॉस एंजेलिसमध्ये होते. तिथल्या मेक्सिकन वंशाच्या, ‘पाचुको’ म्हणवल्या जाणाऱ्या तरुणांविषयी पाझ पहिल्याच प्रकरणात लिहितो. गुडघ्यापर्यंत येणारा कोट, वर ढगळ आणि घोट्याशी आवळलेली विजार असा त्यांचा ‘झूट सूट’ हा वेष होता. जून 1943 मध्ये अमेरिकन खलाशी आणि सैनिकांनी याच वेषातल्या तरुणांना लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर गाठून मारहाण केली होती. पाझचे निरीक्षण थोडक्यात असे : अमेरिकन पोशाखाचे मूलतत्त्व सोय हे आहे; पाचुको त्याच पोशाखाला टोकाला नेतो, तिथे सोय संपते आणि केवळ सौंदर्य उरते. गैरसोय हीच त्याच्या कलेची खूण.

याच तरुणांनी आणि त्यांच्या धाकट्या भावंडांनी 1940च्या दशकापासून एक दुसरी गोष्टही टोकाला नेली. जुन्या शेव्हरले विकत घेऊन त्यांनी त्या जमिनीच्या शक्य तितक्या जवळ आणल्या. पुढे या गाड्यांना आणि त्या चालवणाऱ्यांना ‘लोरायडर’ हे नाव मिळाले. पाझचे सूत्र इथेही सहज लागू करता येते, आणि ते अनेकदा लागू केलेही जाते : खाली आणलेली गाडी गचके देते, खड्ड्यात आपटते, गैरसोयीची होते, म्हणजे सोयीच्या संस्कृतीला दिलेला हा नकारच झाला. सांस्कृतिक अभ्यासात गाडी ही ‘संहिता’ म्हणून वाचण्याची पद्धत रूढ झाल्यापासून हे वाचन अधिकच सोपे झाले आहे.

मला ते अपुरे वाटते, आणि त्याचे कारण या लोकांच्याच बोधवाक्यात आहे. इंग्रजीत ते ‘लो अँड स्लो’ असे सांगितले जाते : खाली आणि हळू. पण स्पॅनिशमध्ये ते ‘बाहितो इ सुआवेसितो’ असे आहे. ‘सुआवेसितो’ म्हणजे मऊ, अलगद, हळुवार. इंग्रजीत वेग आला, स्पॅनिशमध्ये स्पर्श आहे. ज्यांना गैरसोय मिरवायची आहे ते आपल्या गाडीचे वर्णन ‘अलगद’ असे कशाला करतील? या दोन शब्दांमधले अंतर समजून घ्यायचे तर रंगकाम आणि भित्तिचित्रांवरची नजर काढून थोडा वेळ गाडीच्या खाली वाकावे लागते. खाली आणलेली गाडी दणका का देते, हा वरवर पाहता गॅरेजातला प्रश्न आहे. या लेखात तो इतिहासाचा प्रश्न म्हणून मांडायचा आहे.

आधी निदानाविषयी. गाडीच्या धक्क्यांसाठी मराठीत अनेक शब्द आहेत आणि इथे ते उपयोगी पडतात. बारीकसारीक खडबडीतपणाही जसाच्या तसा अंगात उतरतो ती थरथर. खड्डा लागताच गाडी ताठ उसळते तो गचका. आणि एरवी मऊ चाललेली गाडी मोठ्या खड्ड्यात एकदाच, पोलादावर घण पडावा तशी वाजते तो दणका. ‘गाडी खाली केल्यापासून त्रास देते’ अशी तक्रार घेऊन येणारा माणूस या तिन्हींना एकच नाव देतो. निदान करणाऱ्याचे पहिले काम म्हणजे ती वेगळी करणे, कारण त्यांची कारणे वेगळी आहेत.

गचक्याचे कारण बहुधा स्प्रिंग. वेटोळ्यांची स्प्रिंग कापून गाडी खाली आणता येते, आणि हा उपाय सर्वांत स्वस्त. पण स्प्रिंगचा ताठपणा तिच्या कार्यरत वेटोळ्यांच्या व्यस्त प्रमाणात असतो. आठपैकी दोन वेटोळी कापली तर उरलेल्या सहांची स्प्रिंग पहिलीपेक्षा एक तृतीयांशाने ताठ होते. मालकाला गाडी फक्त खाली हवी होती. कापताना ती ताठही झाली.

दणक्याचे कारण निराळे. चाक वर उचलले जाते तेव्हा त्याला जायला मोकळी जागा लागते, आणि त्या जागेच्या शेवटी एक रबरी ठोकळा बसवलेला असतो, ज्याला मेकॅनिक बंप स्टॉप म्हणतात. समजा, मूळ गाडीत ही जागा 8 सेंटिमीटर होती आणि गाडी 5 सेंटिमीटर खाली आणली, तर उरली 3. पूर्वी जो खड्डा 8 सेंटिमीटरमध्ये पचत असे तो आता 3 सेंटिमीटरमध्ये पचवायचा. तो पचत नाही आणि चाकाचा दांडा ठोकळ्यावर आदळतो. त्या क्षणापुरती गाडीला स्प्रिंगच नसते. इथे एक नेहमीची चूक होते. दणका बसला की मालक म्हणतो, स्प्रिंग फार कडक आहे, मऊ घाला. मऊ स्प्रिंग घातली की गाडी आणखी बसते, उरलेली जागाही संपते, आणि दणके वाढतात. औषधानेच रोग बळावतो. हे टाळायचे तर आधी पुरावा हवा. ठोकळ्याला मऊ मेण किंवा माती लावून गाडी एक फेरी चालवावी, किंवा शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या दांड्यावर प्लास्टिकची पट्टी आवळून ती कुठवर सरकली ते पाहावे. मेण चेपले असेल तर दोष जागेचा आहे, स्प्रिंगच्या ताठपणाचा नव्हे.

थरथरीची कारणे आणखी लहान आणि म्हणून हमखास नजरेतून सुटणारी. चाकाचे दांडे ज्या रबरी बुशांवर फिरतात त्यांचे बोल्ट गाडी हवेत उचललेली असताना आवळले, तर गाडी खाली टेकताच ती रबरे पिळली जातात आणि कायम पिळलेलीच राहतात. गाडी आपल्या वजनावर, चाकांवर उभी असताना ते बोल्ट सैल करून पुन्हा आवळले की कित्येकदा निम्मा त्रास जातो. शॉक अ‍ॅब्सॉर्बर मूळ लांबीचेच ठेवले असतील तर तेही आपल्या तळाशी जाऊन टेकतात. चाकातली हवा वाजवीपेक्षा जास्त असेल तर दोष आणखी वेगळा, आणि त्याचा उपाय फुकटचा.

आता 1940च्या दशकाकडे वळू. त्या काळच्या शेव्हरलेला पुढे वेटोळ्यांच्या स्प्रिंगा आणि मागे कमानपाटे अशी रचना असे. गाडी मागून खाली आणण्याचा पहिला, सर्वांना परवडणारा उपाय म्हणजे डिक्कीत वाळूची किंवा सिमेंटची पोती टाकणे. या उपायाची चेष्टा करण्याची पद्धत आहे, पण यंत्रशास्त्राच्या दृष्टीने तो अगदीच अडाणी नाही. स्प्रिंग तीच, वजन अधिक. म्हणजे गाडीचे झुलणे उलट संथ होते. पोती भरलेली गाडी सपाट रस्त्यावर मूळ गाडीपेक्षा मऊ चालते. तिला गचका नाही, थरथर नाही. मोठा खड्डा आला की मात्र दणका आहे, कारण जागा पोत्यांनी आधीच खाल्लेली असते. ज्यांनी पुढच्या स्प्रिंगा कापल्या त्यांना गचका आणि दणका दोन्ही मिळाले. ज्यांनी त्या ज्योतीवर तापवून बसवल्या त्यांच्या पोलादाचे पाणीच गेले. अशी स्प्रिंग पुढेही बसतच जाते आणि वेटोळी एकमेकांवर टेकली की ती स्प्रिंग न राहता पोलादी नळी होते. आणि ज्यांनी मागच्या कमानपाट्यांत आणि आसात ठोकळे घातले त्यांचा पाट्यांचा मऊपणा शाबूत राहिला, पण आस चासीच्या पोलादाजवळ सरकला. त्यावर उपाय म्हणून आसाच्या वर चासीला कमानीसारखी खाच कापण्याची युक्ती निघाली. खाली आणलेल्या गाडीला तिची हरवलेली जागा परत देणारा हा खरा उपचार होता. नुसती गैरसोय हवी असती तर चासी कापण्याची जोखीम कोणी घेतली नसती.

याच गाड्या मुळात मऊ कशा झाल्या होत्या, हेही पाहण्यासारखे आहे. मॉरिस ऑली हा इंग्रज अभियंता रोल्स-रॉइस सोडून 1930 मध्ये जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक विभागात आला. त्याने एका लांबलचक गाडीला पुढे-मागे सरकवता येणारी वजने बसवली आणि वजनाची वाटणी बदलली की प्रवास कसा बदलतो ते तपासले. तोवर गाड्यांच्या पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा ताठ ठेवत. ऑलीने हे उलटे केले : पुढची झुलण्याची गती मागचीपेक्षा संथ ठेवली, म्हणजे खड्डा आधी पुढच्या आणि मग मागच्या चाकांना लागल्यावर दोन्ही टोके लवकरच एकत्र झुलू लागतात आणि गाडी होडीसारखी डोलत नाही. 1934 पासून जनरल मोटर्सच्या गाड्यांत आलेल्या स्वतंत्र पुढच्या चाकांमागे हे काम होते. आरामाचे समाधानकारक मोजमाप करणारे उपकरण त्या वेळी नव्हते. गाडीत बसलेल्या माणसाला काय वाटले, हाच अखेरचा पुरावा होता.

डिक्कीतली पोती या प्रयोगाच्या शेजारी ठेवून पाहावीत. मागे वजन वाढले की मागचे झुलणे पुढच्यापेक्षा संथ होते. ऑलीने घातलेला क्रम उलटतो आणि गाडी पुन्हा डोलू लागते. पूर्व लॉस एंजेलिसमधल्या तरुणाजवळ समीकरणे नव्हती, पण पुरावा ऑलीजवळ होता तोच होता : आपले स्वतःचे अंग. डेट्रॉइटच्या प्रयोगाच्या नोंदी झाल्या आणि पुढे त्यांची पाठ्यपुस्तके झाली. रस्त्यावरच्या प्रयोगाचे निष्कर्ष चालवण्याच्या सवयीत उरले. त्यातली सर्वांत महत्त्वाची सवय म्हणजे हळू जाणे.

खड्ड्यावर चाक किती वेगाने उचलले जाते ते गाडीच्या वेगावर अवलंबून असते. ताशी 60 किलोमीटरला जो खड्डा दणका देतो तोच ताशी 15 किलोमीटरला, चाक सावकाश चढवून-उतरवून, निभावून नेता येतो. ज्या गाडीजवळ जागा उरलेली नाही तिच्यासाठी वेग कमी करणे हा एकमेव उपाय असा आहे की ज्याला एक पैसाही पडत नाही. ‘सुआवेसितो’ हे साध्य आणि ‘स्लो’ हे साधन, असा या दोन बोधवाक्यांचा संबंध मला दिसतो. हळू जाण्याला पुढे प्रतिष्ठा आली, त्यात डौल आला, मिरवणे आले, हे खरेच आहे. वेगाची पूजा करणाऱ्या हॉट-रॉड संस्कृतीच्या विरुद्ध टोकाला ते जाणीवपूर्वक उभे केले गेले, हेही खरे. पण त्या डौलाखाली एक साधे भौतिक कारण आहे, आणि ते वगळून केलेले वाचन हवेत राहते.

1958 मध्ये कॅलिफोर्नियाने या प्रश्नाचे आपले निदान जाहीर केले. राज्याच्या वाहन संहितेतील कलम 24008 नुसार, मूळ रचनेत बदल करून गाडीचा कोणताही भाग चाकाच्या धातूच्या कड्याच्या तळापेक्षा खाली आणणे बेकायदा ठरले. या रेषेमागे तर्क आहे : टायर फुटला तर गाडी कड्यावर उतरेल, आणि त्याहून खाली असलेला भाग रस्त्यावर घासेल. पण कायद्याने मोजली ती उंची. चाकाला जागा उरली आहे की नाही, स्प्रिंग ज्योतीवर तापवलेली आहे की धड, चासीला खाच नीट दिली आहे की नाही, यांतले काहीही त्या मोजमापात येत नव्हते. कारागिरीने खाली आणलेली सुरक्षित गाडी बेकायदा ठरू शकत होती, आणि कड्यापेक्षा केसभर उंच असलेली पण मरणाच्या स्प्रिंगांवर चालणारी गाडी कायदेशीर. शिवाय उंची पोलिसाला फुटपाथवरून दिसते. स्प्रिंगचे पोलाद दिसत नाही. ज्या वस्तीत खाली आणलेल्या गाड्या होत्या त्या वस्तीतल्या तरुणांना थांबवण्याचे एक सोपे निमित्त त्यातून मिळाले, ही तक्रार पुढची सहा दशके होत राहिली.

कायद्याला उत्तर यंत्राने मिळाले. 1959 मध्ये रॉन अगिरे या तरुणाने आपल्या ‘एक्स-सॉनिक’ नावाच्या कॉर्व्हेटला विमानाच्या भंगारातले हायड्रॉलिक पंप आणि झडपा जोडल्या. आता बटण दाबले की गाडी खाली, पोलीस दिसला की वर. योगायोगाने 1958 पासून शेव्हरलेची इम्पाला बाजारात आली होती. इंग्रजी ‘एक्स’ अक्षराच्या आकाराची तिची चासी आणि चारही चाकांवरच्या वेटोळ्यांच्या स्प्रिंगा या कामाला जणू मुद्दाम केल्यासारख्या होत्या. 1958 ते 1964 या वर्षांतली इम्पाला ही लोरायडरांची अभिजात गाडी झाली ती केवळ तिच्या रूपामुळे नव्हे.

हायड्रॉलिक यंत्रणेची कथा सांगताना अभ्यासक बहुधा इथेच थांबतात : कायदा चुकवला, गंमत झाली. पण गाडीत बसणाऱ्याच्या दृष्टीने कथा इथे पुन्हा सुरू होते, कारण या यंत्रणेने दणका परत आणला, आणि तोही नव्या कारणाने. तेल दाबले जात नाही. नळकांड्यातल्या तेलावर उभी असलेली गाडी म्हणजे एका अर्थी दगडावर उभी असलेली गाडी. मऊपणा उरतो तो नळकांड्याला जोडलेल्या स्प्रिंगेत, आणि नळकांड्याला जागा करून देण्यासाठी तीही आखूड कापलेली असते. पुढे गाड्या उड्या मारायला लावण्याच्या स्पर्धा सुरू झाल्या तेव्हा त्यासाठी मुद्दाम ताठ स्प्रिंगा वापरल्या जाऊ लागल्या. अशी गाडी नेहमीच्या रस्त्यावर हाडे खिळखिळी करते. तेलावर चालूनही मऊ राहण्याचे उत्तर फ्रान्समध्ये आधीच मिळाले होते. 1955 च्या सित्रोएन डीएसमध्ये प्रत्येक चाकाच्या तेलाला नायट्रोजनने भरलेला एक धातूचा गोळा जोडलेला होता. तेल दाबत नाही, पण वायू दाबतो. स्प्रिंगेचे काम तो वायू करतो. लोरायडरांच्या गॅरेजांतही नायट्रोजनची अशी भांडी जोडली जाऊ लागली, ती याच तत्त्वावर. गाडी बटणावर वर-खाली होत होती, देखावा पूर्ण होता, कायदाही चुकत होता. तरीही लोकांनी खर्च करून, भांडी भरून, तिला पुन्हा अलगद केले. पाझच्या सूत्रात या खर्चाचे कारण सापडत नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. आरामच हवा होता तर गाडी पुन्हा उंच का केली नाही? सगळ्या दणक्यांवर तोच खात्रीचा उपाय होता. उत्तर असे की त्यांना दोन्ही हवे होते. खाली असणे सोडायचे नव्हते आणि अलगदपणाही सोडायचा नव्हता, आणि यंत्रशास्त्र सांगत होते की यांतले एकच मिळेल. लोरायडरांचा तांत्रिक इतिहास म्हणजे ही निवड करायला दिलेला नकार आहे. यात बंड आहे. पण ते सोयीविरुद्धचे बंड नाही. सोय ज्यांच्यासाठी आखली गेली त्यांच्या यादीत आपण नव्हतो, तरी ती आपल्या अटींवर घेऊ, असा त्याचा सूर आहे.

या सुराचे पडसाद साहित्यातही उमटले. लुईस वाल्देझचे ‘झूट सूट’ हे नाटक 1978 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये रंगभूमीवर आले आणि पाचुको पहिल्यांदाच आपल्या बाजूने, आतून बोलला. त्याच्या आदल्या वर्षी, 1977 मध्ये, सॅन होजेच्या तिघा विद्यार्थ्यांनी ‘लोरायडर’ हे मासिक सुरू केले. गाड्यांची छायाचित्रे, चिकानो समाजाचे प्रश्न आणि यंत्रांची कृती एकाच अंकात नांदू शकतात हे त्याने दाखवले. 2019 च्या अखेरीस त्याची छापील आवृत्ती बंद झाली. बेन चॅपेल यांचा 2012 मधला ‘लोरायडर स्पेस’ हा ग्रंथ ऑस्टिनमधल्या गाड्यांच्या सहवासातून लिहिलेला आहे; गाडीकडे चित्र म्हणून न पाहता चालती वस्तू म्हणून पाहणाऱ्या मोजक्या अभ्यासांत तो मोडतो.

सार्वजनिक व्यवस्थेचे निदान मात्र फार काळ तेच राहिले. उंचीनंतर तिची नजर वेगावर गेली. पूर्व लॉस एंजेलिसच्या व्हिटियर बुलेवार्डवर रात्री संथपणे फिरणाऱ्या गाड्यांच्या रांगा 1970च्या दशकाच्या अखेरीस पोलिसांनी बंद पाडल्या. 1980च्या दशकात अनेक शहरांनी अशा फेऱ्यांवर बंदी घालणारे नियम केले. ठरावीक रस्त्यावरून ठरावीक वेळात पुन्हा-पुन्हा जाणे हाच गुन्हा झाला. खाली आणलेल्या गाडीसाठी हळू जाणे ही गरज होती, तिची शिस्तही होती. तीच आता आरोपात जमा झाली. सॅन होजेने आपली बंदी 2022 मध्ये मागे घेतली. 2023 मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेल्या कायद्याने कलम 24008 मधली उंचीची अट आणि शहरांचा फेऱ्यांवर बंदी घालण्याचा अधिकार, दोन्ही 1 जानेवारी 2024 पासून रद्द झाले. 1958 पासून मोजले तर 66 वर्षे.

वॉशिंग्टनच्या अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात ‘डेव्ह्ज ड्रीम’ नावाची 1969 ची फोर्ड एलटीडी आहे. ती न्यू मेक्सिकोतल्या चिमायो गावची. तिचा मालक 1978 मध्ये वारला आणि अर्धवट राहिलेले तिचे काम त्याच्या कुटुंबाने पुरे केले. तिचा रंग, तिची मखमल आणि तिची खाली बसलेली चाके काचेबाहेरून डोळे भरून पाहता येतात. पण उभ्या असलेल्या गाडीवरून ती कशी चालत होती ते कळत नाही. तिचा इतिहास लिहिणाऱ्याने कधीतरी ठोकळ्यावरचे मेण चेपले आहे का, हे पाहायला खाली वाकले पाहिजे. पाझने पाचुकोला रस्त्याच्या कडेने पाहिले, आणि त्याला दिसले ते खोटे नव्हते. त्याच्या शेजारी आसनावर बसून मैलभर गेला असता तर ‘सुआवेसितो’ हा शब्द त्याला कोणी समजावून सांगावा लागला नसता. ती त्याची स्वतःची भाषा होती.